चॅटबॉटला मराठीत विचारावं, कन्नडात की इंग्रजीत? सीमाभागातल्या माणसाच्या सोयीनं एक तुलना

"कुठला चॅटबॉट घेऊ?" असं आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आला. जेमिनीचं ॲप २०२४ च्या जूनमध्ये भारतात आलं ते मराठी आणि कन्नडासह नऊ भारतीय भाषा घेऊनच. व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआय आहे. रोजच्या कामापुरता या तिघांत मला फार फरक वाटत नाही. आपण त्याला कुठल्या भाषेत विचारतो, त्यानं मात्र मोठा फरक पडतो. पुण्या-साताऱ्याच्या माणसापुढं हा प्रश्नच येत नाही, कारण तिथं घरची, शाळेची आणि तहसील कचेरीची भाषा एकच आहे. कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बँकेच्या संगणकावर इंग्रजी असते. त्यामुळं फोन हातात घेतला की पहिला निर्णय इथंच करावा लागतो.

मी खानापूर तालुक्यातल्या एका सहकारी पतसंस्थेत काम करतो. गावाकडं भात आणि थोडा ऊस आहे, घरात आई आहे, मुलगा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला आहे. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. कन्नड बोलताना अडत नाही, इंग्रजी कामापुरती येते. ज्यांचं साधारण असंच आहे त्यांना या तुलनेचा उपयोग होईल. ज्यांचं कन्नड वाचन पक्कं आहे त्यांचा निर्णय कदाचित वेगळा पडेल, आणि तो बरोबरही असेल.

इंग्रजीपासून सुरू करतो, कारण शिकलेली माणसं बहुतेक तिथूनच सुरू करतात. इंग्रजीत उत्तर नेमकं येतं, हे मान्य करायलाच हवं. कर्नाटक सरकारच्या योजना, कायदे, परिपत्रकं यांच्याबद्दल इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे, त्यामुळं प्रश्नात कर्नाटकाचं नाव घातलं की चॅटबॉट सहसा वाट चुकत नाही. कलमांचे नंबर, अर्जाची नावं, संकेतस्थळं असल्या बाबतीत मला इंग्रजी उत्तरं जास्त भरवशाची वाटली. पण माझी अडचण उत्तरात नाही, प्रश्नात आहे. आमच्याकडं जमिनीचा प्रश्न म्हणजे नात्यांचा प्रश्न. थोरल्या चुलत्याच्या नावावरचा हिस्सा, आत्त्याची सही राहिलेली, धाकटा भाऊ गोव्यात, त्यात पणजोबांच्या वेळची तोंडी वाटणी. हे सगळं इंग्रजीत मांडायचं म्हटलं की मी नकळत आखडतो. जे सांगता येत नाही ते गाळतो, आणि गाळलेलंच नेमकं कामाचं असतं. मग उत्तर येतं ते माझ्या अर्ध्या प्रश्नाचं. शिवाय ते घरात वाचून दाखवता येत नाही. ज्यांच्या सह्या लागणार आहेत त्या आई, काकू, आत्त्या यांना मी जे सांगेन तेच खरं, असं होतं. जमिनीच्या बाबतीत घरातल्या एकानंच सगळं समजून घ्यायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, हे मला पटत नाही.

रोमन लिपीत मराठी लिहिणारे खूप आहेत, तरुण पोरं तर सगळी तशीच लिहितात. त्याबद्दल एवढंच सांगतो, की तसं विचारल्यावर उत्तर बऱ्याचदा हिंदीत येतं, आणि मराठीत आलंच तरी त्याला हिंदीचा वास येतो. फोनवर देवनागरीचा कीबोर्ड आहे, आणि नुसतं बोललं तरी अक्षरं उमटतात. मग रोमनमध्ये लिहायचं कारण मला दिसत नाही.

आता कन्नड. याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडं या पर्यायाचा विचार लोक करतच नाहीत, आणि तो काही कमी दर्जाचा पर्याय नव्हे. कन्नडात विचारलं की चॅटबॉट थेट कर्नाटकात येऊन उभा राहतो. राज्य सांगावं लागत नाही, कचेरीचं नाव चुकत नाही, कागदांची नावं तीच येतात जी खिडकीवरचा कारकून उच्चारणार आहे. तहसीलदारांना द्यायचा अर्ज कन्नडात करून हवा असेल तर चॅटबॉट तो दोन मिनिटांत नीट मायन्यासह लिहून देतो. एरवी अशा अर्जासाठी कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याकडं थांबावं लागतं, पैसे मोजावे लागतात, आणि त्यानं काय लिहिलंय ते आपल्याला पुरतं कळतही नाही.

पण नेमकं हेच शेवटचं वाक्य चॅटबॉटलाही लागू पडतं. मी एसटीत, बाजारात, सोसायटीच्या काउंटरवर कन्नड बोलतो ते धारवाडी-बेळगावी वळणाचं बोलीतलं कन्नड. कचेरीचं कन्नड संस्कृत शब्दांनी भरलेलं, लांबलचक वाक्यांचं. ते मी अक्षर लावून वाचतो, अर्थ साधारण लागतो, पण त्यात चूक आहे का हे मला सांगता येत नाही. आणि चॅटबॉट चुकतो तेव्हा अडखळत नाही. बरोबर उत्तर ज्या ठामपणे देतो त्याच ठामपणे चुकीचंही देतो. त्यामुळं ज्या भाषेत मला चूक पकडता येत नाही त्या भाषेतलं उत्तर कितीही चांगलं असलं तरी मी त्यावर सही करू शकत नाही. माझ्या पुतण्याचं तसं नाही. तो कन्नड माध्यमात शिकला, त्याला असली वाक्यं सहज उमगतात, आणि त्यानं कन्नडातच विचारावं असं मी त्याला सांगतो.

राहिली मराठी. मनातून मला हीच हवी होती हे लपवत नाही. प्रश्न पूर्ण मांडता येतो, उत्तर आईला वाचून दाखवता येतं, चूक लगेच डोळ्यात येते. पण इथंच ती अडचण आहे, जिच्यामुळं मला बराच काळ निर्णय करता येत नव्हता, आणि शेवटी जिच्यामुळंच निर्णय झाला.

मराठीत विचारलं की चॅटबॉट तुम्हाला महाराष्ट्रात धरतो.

कारण समजण्यासारखं आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींवर होते, त्यांतले बहुतेक महाराष्ट्रातले. मराठीतली वर्तमानपत्रं, सरकारी संकेतस्थळं, कायद्यांची पुस्तकं, शेतीची मासिकं सगळी मुख्यतः तिकडची. चॅटबॉट ज्या मजकुरावर शिकला त्यात मराठी आणि महाराष्ट्र ही जोडी इतकी घट्ट आहे, की कर्नाटकात राहणारा मराठी माणूस त्याला सांगितल्याशिवाय सुचत नाही. पण कारण समजलं म्हणून त्रास कमी होत नाही.

आमच्या संस्थेतलंच उदाहरण देतो. थकलेल्या कर्जाची एका सभासदाला नोटीस द्यायची होती. मजकूर मराठीत आणि कन्नडात असा दोन्हीकडं हवा होता. मराठीत सगळी माहिती देऊन मसुदा मागितला. भाषा इतकी छान आली, की कोणालाही वाटावं जुन्याजाणत्या वकिलानं लिहिलंय. ना उर्मटपणा, ना गुळमुळीतपणा. आणि मधोमध लिहिलं होतं, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम १०१ अन्वये वसुली दाखला. आमची संस्था कर्नाटकातली. आमचा कायदा कर्नाटक सहकारी संस्था अधिनियम १९५९, आणि सौहार्द संस्था असेल तर १९९७ चा सौहार्द कायदा. वाद नेण्याचं कलम इकडं ७०, तिकडं ९१. तिकडं सहकार न्यायालय, इकडं निबंधकांकडं दाद. कागद टेबलावरच थांबवला, त्यामुळं बाहेर काही गेलं नाही. पण विचार करा, ती नोटीस एखाद्या हुशार सभासदाच्या हातात पडली असती तर त्यानं तिची घडी करून तशीच परत पाठवली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

जमिनीचं तर याहून अवघड. महाराष्ट्रात सातबारा, आपल्याकडं पहाणी म्हणजे आरटीसी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पहाणीवर एकर-गुंठे-आण्यात. पहाणीवर २-२० लिहिलं असेल तर ते दोन एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे बरोबर अडीच एकर. तोच आकडा चॅटबॉटनं सातबाऱ्याच्या सवयीनं दोन हेक्टर वीस आर असा वाचला तर होतात जवळजवळ साडेपाच एकर. खताचा हिशेब विचारलात तर दुपटीहून जास्त पोती सांगणार, आणि वाटणीचा विचारलात तर घरात भांडण लावून देणार. मालकाचं नाव आणि खाते नंबर नवव्या रकान्यात, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा अकराव्या रकान्यात, ही पहाणीची ओळख त्याला मराठीतून विचारताना आपणहून येत नाही. तो गाव नमुने सांगत बसतो. वारसाची नोंद कशी लावायची म्हटलं की तलाठ्याकडं अर्ज, फेरफार, मंडळ अधिकारी, अशी महाराष्ट्राची सगळी वाट नीट समजावून देतो. प्रत्येक पायरी खरी, फक्त ती वाट आपल्या कचेरीत जात नाही.

आईनं एकदा सांगितलं, बायकांना दर महिन्याला पैसे मिळतात त्याचे या महिन्याचे आले नाहीत, काय ते बघ. मराठीत विचारलं तर लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये, एकवीस ते पासष्ट वयाची अट, महाराष्ट्राची रहिवासी असल्याचा पुरावा. आईला मिळतात ते कर्नाटकातल्या गृहलक्ष्मीचे दोन हजार, कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात. तिथं बघायचं असतं ते रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून कोणाचं नाव आहे, बँक खातं आधारला जोडलंय का, घरात तिच्या किंवा नवऱ्याच्या नावावर आयकर किंवा जीएसटी भरला जातो का, हे. दोन योजनांच्या अटीच वेगळ्या, त्यामुळं एकीचं उत्तर दुसरीला लावलं तर माणूस भलत्याच कागदामागं धावतो.

मुलाच्या अभ्यासातही हेच. मराठी माध्यमातली आमची मुलं कर्नाटक मंडळाची एसएसएलसी देतात.  पुस्तकं कर्नाटकानं मराठीत छापलेली. चॅटबॉटला "दहावी मराठी, सराव प्रश्नपत्रिका" एवढंच म्हटलं की तो बालभारतीच्या धड्यांवर प्रश्न काढून देतो. गणितात आणि विज्ञानात ते बऱ्यापैकी खपून जातं. भाषेत आणि समाजविज्ञानात अजिबात नाही.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग इंग्रजीच बरी. मलाही काही दिवस तसंच वाटलं होतं. पण हा त्रास मला सगळीकडं सारखा होत नव्हता. टाइप करताना मी नीट, पुस्तकी मराठी लिहीत होतो तेव्हा तो हमखास व्हायचा. घाईत, काउंटरवर बोलतो तसंच लिहिलं की बराच कमी. फरक कुठं पडत होता ते उमगलं तेव्हा माझी निवड ठरली.

आपण घरात, सोसायटीत, कचेरीच्या व्हरांड्यात बोलतो ती मराठी कर्नाटकातल्या कागदांच्या नावांनी भरलेली असते. आपण सातबारा म्हणत नाही, पहाणी म्हणतो, नाहीतर आरटीसी. वारस नोंद म्हणत नाही, पौती खाते म्हणतो. वंशवृक्ष, पोडी म्हणजे सर्व्हे नंबरची फोड, अकरा-ई नकाशा म्हणजे त्यातल्या हिश्शाचा मोजणी नकाशा, नाडकचेरी म्हणजे तहसीलच्या खालची महसूल कचेरी, 'ग्राम वन' (Grama One) हे गावातलं सरकारी सेवा केंद्र, ई-स्वत्तु म्हणजे पंचायतीतली मालमत्तेची नोंद, हेस्कॉम ही वीज कंपनी, एसएसएलसी, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी. हे शब्द प्रश्नात असले की चॅटबॉटला राज्य वेगळं सांगावं लागत नाही. "पहाणीवर आज्जाचं नाव हाय, ते वारलेत, पौती खाते करून घ्यायचंय, नाडकचेरीत काय काय कागद द्यायला लागतंय?" असं विचारलं तर तो मृत्यूचा दाखला, वंशवृक्ष, पहाणी, आधार अशी कर्नाटकाचीच यादी काढतो, आणि उत्तर मराठीत देतो. तोच प्रश्न "आजोबांच्या निधनानंतर वारस नोंद कशी करावी" असा सोवळ्यात विचारला, की गाडी थेट कोल्हापूर जिल्ह्यात.

माझा कल कुणीकडं आहे हे आता उघड आहे. देवनागरीत, आपण बोलतो तशी मराठी. तिला कोणी भेसळ म्हणेल, मी म्हणणार नाही. इथल्या लोकांनी आपल्या जगण्याला लागणारे शब्द जिथून मिळाले तिथून घेतले, आणि तेच शब्द आता या यंत्राला आपला पत्ता सांगतात. ज्यांना शुद्ध लिहायची सवय आहे त्यांनी तसं लिहावं, पण मग सुरुवातीलाच "मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात राहतो" हे वाक्य घालावं. माझ्या अनुभवात त्यानंही काम होतं. तरी बोलणं लांबलं की तो मधेच पुन्हा सातबाऱ्यावर घसरतो, आणि शब्दच कर्नाटकाचे असले की घसरणं कमी होतं. हे मोजून काढलेलं नाही, माझं निरीक्षण आहे.

बऱ्याच चॅटबॉटांत आपली माहिती कायमची नोंदवून ठेवायची सोय असते. एकदा लिहून ठेवलं की मी कर्नाटकातला, की प्रत्येक वेळी सांगायला नको. ही सोय मी मुद्दाम वापरत नाही, आणि त्याचं कारण खास सीमाभागातलं आहे. आपलं सगळं आयुष्य एका राज्यात बसत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशातही या गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. माझी पुतणी कोल्हापुरात शिकते. तिच्या प्रवेशाचं विचारताना मला महाराष्ट्रच हवा असतो, तोही सीमाभागातल्या विद्यार्थ्याच्या बाजूनं. कायमची नोंद कर्नाटकाची करून ठेवली तर अशा प्रश्नांना तो कर्नाटकाच्या शिष्यवृत्तीचं पोर्टल दाखवणार, आणि तिला बघायचं असतं महाडीबीटी. म्हणून त्या त्या प्रश्नात त्या त्या राज्याचे शब्द, हेच मला बरं वाटतं. ज्यांचं कोल्हापूर-सांगलीशी लग्नकार्यापुरतंच नातं आहे त्यांनी खुशाल कायमची नोंद करावी, त्यांना ती सोयीचीच पडेल.

शेतीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथं मराठीचं पारडं मला वाटलं होतं त्याहून जड निघालं. ऊस, भात, सोयाबीन, भाजीपाला यांच्याबद्दल मराठीत जेवढं लिहिलं गेलंय तेवढं क्वचितच कुठं असेल. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राहुरीचं विद्यापीठ. को ८६०३२ ऊस घटप्रभेच्या काठी लावला काय आणि पंचगंगेच्या काठी लावला काय, खोडकिडीला सीमा कळत नाही. अशा प्रश्नांना चॅटबॉट महाराष्ट्रातलं उत्तर देतो ते बहुतेक चालून जातं. फक्त एकर-हेक्टर तेवढं बघायचं, आणि आपला पट्टा धारवाड कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत येतो, तेव्हा वाणाचं आणि औषधाच्या मात्रेचं एकदा तिकडं ताडून घ्यायचं. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस इतका पडतो, की तिथल्या भाताला पुण्याच्या पुस्तकातलं वेळापत्रक लागू होत नाही. हे त्याला सांगितलं तर ऐकतो.

कन्नड अर्जाचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. शेवटी कचेरीत द्यायचा कागद कन्नडातच लागतो. मी असं करतो: सगळं बोलणं मराठीत, सगळ्या शंका मराठीत, मसुदाही आधी मराठीत. तो पटला की म्हणायचं, आता हाच कन्नडात कर आणि प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थ दे. मग कन्नड ओळ आणि खालचा अर्थ जुळवून बघता येतो. नावं, सर्व्हे नंबर, तारखा स्वतः बोट ठेवून तपासायच्या, कारण आडनावांची कन्नड अक्षरं हमखास हुकतात, आणि पहाणीवरच्या नावात आणि अर्जावरच्या नावात एका काना-मात्रेचा फरक पडला तरी पुढं सहा महिने जातात. शेवटी कन्नड वाचणाऱ्या एखाद्या माणसाच्या डोळ्याखालून घालायचं. आमच्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी चिक्कोडीकडचे आहेत, ते दोन मिनिटांत बघून देतात. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक मी चॅटबॉटला कधीच देत नाही. जागा मोकळी ठेवून पेननं भरतो.

जिथं राज्याचा संबंधच नाही तिथं भाषेची चर्चा करायची गरज नाही. लग्नपत्रिकेचा मजकूर, बारशाला नावं, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब, पित्ताला पथ्य काय, मंडळाच्या अहवालाची प्रस्तावना, मुलाला पायथागोरसचा सिद्धांत समजावून सांगणं, हे सगळं साध्या मराठीत उत्तम होतं. उलट जीएसटी, आयकर आणि एक्सेलचं सूत्र मी इंग्रजीतच विचारतो. ते कायदे देशभर सारखे आणि पडद्यावरची बटणं इंग्रजीत, त्यामुळं मराठीत विचारून पुन्हा इंग्रजी शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही.

बोलून विचारायचं झालं तर एक खबरदारी. आवाजावरून लिहिताना पहाणीचं "पाहणी" होतं, पौतीचं "पावती" होतं, आणि त्या एका अक्षरानं प्रश्न पुन्हा महाराष्ट्रात जातो. आई बोलते तेव्हा मी पाठवण्याआधी अक्षरं वाचून घेतो. तिच्या बोलण्याचं वळण तो बहुतेक समजतो, अडतो तो या नावांपाशी. शिवाय ती विचार करायला मधे थांबली की तो प्रश्न संपला असं समजून उत्तर सुरू करतो. म्हणून तिचा प्रश्न मी लिहूनच पाठवतो.

तुम्हाला ठरवायचं असेल तर माझ्या शब्दावर जाऊ नका. ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे असा आपल्याच घरातला एक प्रश्न घ्या, पहाणीचा किंवा गृहलक्ष्मीचा. पुस्तकी मराठीत, आपल्या बोलीत, इंग्रजीत, आणि जमत असेल तर कन्नडात, असा तो वेगवेगळ्या नव्या संवादांत विचारा. एकाच संवादात विचारलात तर आधीच्या उत्तराचा परिणाम पुढच्यावर होतो. प्रत्येक उत्तराखाली विचारा, हे कुठल्या राज्याच्या नियमानं सांगितलंस? मग बघा, तो पहाणी म्हणतोय की सातबारा, एकर-गुंठे धरतोय की हेक्टर, आणि त्यानं सांगितलेला कागद उद्या तुमच्या नाडकचेरीच्या खिडकीवर चालणार आहे का.